छावणीतला खोकला

१

कपाटाचं कुलूप शाबूत होतं, किल्ली खिळ्याला लटकत होती, आणि आतली पुरचुंडी मात्र गेली होती.

भगवानराव जमादारांनी तिन्ही खण पुन्हा चाचपले. दुधाची फॅट मोजायच्या काचेच्या नळ्या, संस्थेचा शिक्का, एक मोडकी छत्री, मेणबत्त्या. सगळं जिथल्या तिथं. कडूबाईच्या कमरेला सापडलेली पुरचुंडी तेवढी नव्हती.

"आता माझ्याकडं असं बघू नका," संस्थेचा सेक्रेटरी बद्रीनाथ कपाळाचा घाम पुसत म्हणाला. "मी मातीला गेलतो. तुमीच व्हते की म्होरं."

"माघारी आल्यावर हापिसात कोण कोण येऊन गेलं?"

"दोघंच. आसाराम मुकादम आला, तिसऱ्या दिवसासाठी तंबूचं कापड मागायला. अन् सत्तार घोडेवाला. त्याला टँकर कवा येतो ते पुसायचं व्हतं. दोन्ही बारीला मी चहा सांगायला भाईर गेलतो."

"दोन्ही बारीला?"

"आल्यागेल्याला चहा नको सांगू का? माणुसकी हाय का न्हाई?"

"हाय ना. तुझ्या माणुसकीनं मेलेल्या बाईची एकच निशाणी गेली."

उमापूरच्या शिवारात त्या साली दूध संस्थेनं चारा छावणी घातली होती. दोन पावसाळे कोरडे गेले होते. बहात्तरचा दुष्काळ पाहिलेली म्हातारी माणसंसुद्धा म्हणत होती, तेव्हा खायला नव्हतं, आता प्यायला नाही. जनावरं दावणीला आणि माणसं जनावरांच्या शेजारी, अशी अवघी गावं त्या माळावर कापडाखाली येऊन पडली होती. भगवानराव पोलीस खात्यातून जमादार म्हणून निवृत्त झालेले. संस्थेनं छावणीची देखरेख त्यांच्यावर सोपवली होती. चाऱ्याच्या पेंढीत ते एकवेळ ढिले पडत, पण पाण्याच्या बाबतीत सख्ख्या भावाचेही नव्हते. एकदा त्यांनी कडूबाईच्या हातातली भरली बादली काढून घेतली होती आणि परत हौदात ओतली होती.

कडूबाई म्हणजे आसाराम मुकादमाची विधवा भावजय. हंगामात दिराच्या टोळीबरोबर ऊस तोडायची, छावणी लागल्यापासून दावणी झाडायची. तिला खोकला लागला, अंगात ताप मुरला. तालुक्याच्या एका दवाखान्यात बेडक्यात क्षयासारखे जंतू दिसले म्हणून क्षयाच्या गोळ्या चालू झाल्या. गोळ्या घेता घेताच तिनं रक्त ओकून प्राण सोडला. बायका तिला अंघोळ घालत होत्या, तेव्हा कमरेला फडक्याची घट्ट बांधलेली पुरचुंडी लागली. आत कागद कुरकुरत होता. भिऊन कोणी गाठ सोडली नाही. तशीच ती भगवानरावांच्या हातात आली, आणि त्यांनीही ती सोडली नाही. दुसऱ्यानं मारलेली गाठ पंचांसमोरच सोडायची, ही खात्यातली सवय. सकाळी पुरचुंडी कपाटात ठेवून ते कडूबाईला पोचवायला गेले होते.

पण त्यांना ती पुरचुंडी हवी होती, त्याचं कारण वेगळंच होतं. त्यांची बायको रुक्मिणीबाई तसाच खोकत होती. आठवड्याखाली तिला औरंगाबादच्या मोठ्या दवाखान्यात हलवलं होतं, लेक उशाशी होती. कडूबाई कशानं मेली हे कळलं, तरच रुक्मिणीबाईला काय झालंय ते कळणार होतं. आणि ते सांगणारी वस्तू कोणीतरी पळवली होती.

बाहेर गलका झाला. आसारामचा आवाज सगळ्यांच्या वर होता.

"दोघी बी रोज सकाळी सत्तारच्या बायकोच्या, आमिनाबीच्या चुलीवरचा चहा प्यायच्या! दोघी बी खोकायला लागल्या! अजून काय पुरावा पायजे? उद्या बाजाराचा दिस. उद्या त्या सत्तारची घोडी छावणीच्या भाईर दिसली पायजे, न्हाई तर आमी काढू!"

२

सत्तारची दावण छावणीच्या टोकाला, उताराकडं होती. गेवराईत लग्नांची वरात त्याच्या घोड्यावरून निघायची. दुष्काळात लग्नं रजिस्टर कचेरीत लागू लागली आणि घोडे उपाशी पडले. छावणी गाई-म्हशींची, घोड्याला तिथं जागा नव्हती. पण संस्थेनं माणुसकी म्हणून दोन घोड्या आणि त्यांची शिंगरं आत घेतली होती. छावणीच्या बाहेर गेवराईपर्यंत घोटभर पाणी नव्हतं. बाहेर काढणं म्हणजे मारणंच होतं.

सत्तार घोडीच्या मानेवर हात ठेवून उभा होता. "जमादारसाब, मी पुरचुंडीला हात लावला आसंल तर ह्या मुक्या जनावराची शप्पत."

"किल्ली तर खिळ्यालाच व्हती. तू गेलास तवा कपाट उघडं व्हतं का?"

"कपाटाकडं मी बघितलं बी न्हाई. टँकरचं पुसलं, चहा प्यालो, आलो."

भगवानरावांनी दावण पाहिली. दोन घोड्या होत्या, शिंगरू एकच. ते मान खाली घालून उभं होतं आणि थांबून थांबून ढास लागल्यागत खोकत होतं.

"दुसरं कुठं हाय?"

सत्तारनं बायकोकडं पाहिलं. आमिनाबीनं पदर तोंडाला लावला.

"मेलं," ती म्हणाली. "कडूबाई पडायच्या आधी. आस्संच खोकत व्हतं. आमी नदीकडं नेऊन पुरलं."

"सांगितलं कावून न्हाई?"

"सांगितलं आस्तं तर त्याच दिवशी भाईर काढलं आस्तं." तिनं नाक ओढलं. "जमादारसाब, माझ्या चहाचं इख म्हनत्यात लोक. एकच किटली. आधी मी प्यायची, मग त्या दोघी. मी कशी मेली न्हाई? लोकांना सांगा की, ह्या बाईच्या पोटात काय लोखंड हाय का?"

"मग त्या दोघी रोज इथं करायच्या काय?"

आमिनाबीनं कोपऱ्याकडं बोट दाखवलं. वाळल्या लिदीचा ढीग, त्याच्या शेजारी मुसळ, बारीक चाळणी आणि तळ्याच्या मातीचं घमेलं. ढिगाभोवतीच्या दगडांवर पिवळट धूळ पिठासारखी बसली होती.

भगवानरावांनी मान हलवली. हे त्यांना माहीत होतं. रुक्मिणीबाईच्या हातच्या चुली पंचक्रोशीत नावाजलेल्या. मातीत घोड्याची लीद मिसळली की चुलीला तडा जात नाही. छावणीत प्रत्येक बिऱ्हाडाला चूल हवी होती. कडूबाई लीद कुटायची, रुक्मिणीबाई चाळायची, आमिनाबी चहा करायची. तिघींचं बरं जमलं होतं.

"लई हसायच्या," आमिनाबी म्हणाली. "रुक्मिणीबाई म्हनायची, घरात जमादार आसला की हसायचं भाईर पडतं."

भगवानरावांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. जाताना त्यांनी त्या शिंगराकडं पुन्हा पाहिलं. ते रुक्मिणीबाईच्याच सुरात खोकत होतं, हे त्यांना आवडलं नाही.

३

आसाराम आपल्या कापडाखाली बाजेवर बसला होता. उंच, वाळका, डोळ्यात सतत घाई. त्याच्या टोळीतले गडी आणि बाया भोवताली बसल्या होत्या.

"या जमादार. बसा. मी तुमच्याच भल्याचं बोलतोय. तुमची बी बाई दवाखान्यात हाय."

"म्हनूनच आलो. तुझी वैनी आधी कशी व्हती? आजारी?"

"आजारी? आहो, वाघीण व्हती! दोन वर्सं झाली, कंबर दुखती म्हनून कधी बसली न्हाई. अन् तब्येत बघा. ह्या दुष्काळात समद्यांची गालफडं बसली, अन् हिचं तोंड पुनवेच्या चंद्रागत. आसं धडधाकट माणूस उगं मरतंय व्हय? इखच ते."

"इख आसंल तर पुरचुंडी तपासायला द्यायची व्हती. आता कशी देणार?"

"त्यानंच पळवली की! त्या पिवळ्या भुकटीनं बायकोला फाशी झाली आसती त्याच्या. चोराच्या मनात चांदणं."

पायातली वहाण काढून भगवानरावांनी खडा झटकला, पुन्हा घातली. कुठंतरी काहीतरी टोचलं होतं, पण वहाणेतल्या खड्यासारखं ते लगेच हाताला लागेना.

तेवढ्यात खिशातला फोन वाजला. लेकीचा आवाज चिरका झाला होता.

"आबा, तुमी लगेच या. आईला उलट्या व्हायला लागल्यात, बीपी लागंना. डॉक्टरीणबाई म्हनत्या, औषध बरोबर चालू हाय तरी बाई खाली चालली. त्यांना तुमच्यासंगं बोलायचंय."

४

औरंगाबादच्या दवाखान्यातल्या डॉक्टर गर्जे वयानं लहान होत्या, पण बोलण्यात आडपडदा नव्हता. त्यांनी भगवानरावांना खुर्ची दिली आणि एक काचेची झाकणी पुढं केली. तिच्यात फिकट गुलाबी, ओलसर ठिपके उगवले होते; लुगड्याचा रंग धुतलेल्या पाण्यात उतरावा तसे.

"तुमच्या बाईंच्या बेडक्यातून हे उगवलं. क्षय नाही. सूक्ष्मदर्शकाखाली क्षयासारखा दिसतो म्हणून फसवतो. फुप्फुसात तशीच पोकळी करतो. पण औषधं वेगळी लागतात. ती मी दोन दिवसांपूर्वी सुरू केली."

"मग ती बरी कावून होईना?"

"सांगते. आधी मला सांगा, तुमच्याकडं घोडं आहे का?"

"माझ्याकडं न्हाई. पण छावणीत हाय. एक शिंगरू खोकत मेलं. दुसरं खोकतंय."

"मग तेच. हा जंतू घोड्याच्या लिदीत आणि त्या मातीत राहतो. शिंगरांची फुप्फुसं पोखरतो. सुकलेली लीद धुळीनं नाकात गेली की माणसात येतो." डॉक्टरीणबाई थोडं थांबल्या. "पण धडधाकट माणसात तो सहसा रुजत नाही. घोडेवाले जन्मभर घोड्यात राहतात, त्यांना काही होत नाही. हा रुजतो तो ज्याच्या अंगातली राखण उठून गेली आहे, त्याच्यात. म्हणून आम्ही सगळं तपासलं. साखर नाही. एड्स नाही. कॅन्सर नाही. मग हिच्या अंगातला पहारेकरी कुणी मारला? ते कळेपर्यंत मी अंधारात तीर मारते आहे. आणि आता ही दुसरीच घसरण सुरू झाली. बाई काही गोळ्या खायच्या का? काढा, भस्म, काहीही?"

"न्हाई. माझ्या घरात तसलं चालत न्हाई. भोंदू औषधं विकणाऱ्यांना मी आयुष्यभर आत टाकलंय."

रुक्मिणीबाई खाटेवर डोळे मिटून पडली होती. हात पांढरे, गार. भगवानराव वाकले आणि चाळीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदाच तिच्या तोंडाकडं एखाद्या परक्या माणसाच्या नजरेनं पाहिलं. गाल फुगीर, गोल. मानेमागं चरबीची गादी. दंडावर कुठं न आपटता आलेले काळेनिळे डाग. वर्षभरापूर्वी ही बाई काडीसारखी होती. तब्येत धरली म्हणून ते स्वतः खूश झाले होते.

"रुक्मिणे, तू काही खात व्हतीस का? खरं सांग. मी रागावत न्हाई."

तिचे ओठ हलले. त्यांनी कान जवळ नेला.

"कडूची शपथ हाय," ती म्हणाली, आणि पुन्हा खोल गेली.

भगवानराव दाराबाहेर येऊन भिंतीला टेकले. म्हणजे काहीतरी होतं. पुरचुंडीत होतं ते. दोघींनी मिळून खाल्लेलं. आणि घरात जमादार असल्यामुळं ते घरात बोलायची सोय नव्हती.

आसारामचे शब्द त्यांच्या कानात पुन्हा वाजले. हिचं तोंड पुनवेच्या चंद्रागत. त्याच्या पाठोपाठ, वहाणेतला खडाही हाताला लागला.

त्यांनी परतीची एस.टी. पकडली.

५

दुसऱ्या दिवशी छावणीत शिरल्यावर त्यांनी कोणाला काही विचारलं नाही. ते नुसते माणसांची तोंडं पाहत हिंडले. वाळकी, ओढलेली, खोबणीत गेलेले डोळे. दुष्काळानं सगळ्यांना एकाच साच्यातून काढलं होतं. आसारामच्या टोळीच्या कापडापाशी आले आणि त्यांचे पाय थबकले. तिथल्या चार-पाच बायांची तोंडं गोल होती.

विमलबाई कडब्याची पेंढी सोडत होती. टोळीतली सगळ्यात जुनी कोयतेवाली. आसाराम जवळपास नव्हता. तो सत्तारच्या दावणीकडं माणसं जमवायला गेला होता.

"विमलबाई, तुझी बी तब्येत सुधारली."

"नजर लावू नका, जमादार. पोटात काय न्हाई, नुसतं तोंडच सुजतंय."

"कंबर कशी हाय?"

"कंबर?" ती हसली. "कंबर गावाकडं ठेवून आलो आमी. दुखायचं आसंल तर तिथं दुखू दे."

"कडूबाईची बी दुखत न्हवती. ती गेली. माझी बायको बी जायला लागली, विमलबाई. आज, आत्ता. मला एवढंच सांग, त्या पुरचुंडीत काय व्हतं?"

विमलबाईच्या हातातली पेंढी सुटली. तिनं आजूबाजूला पाहिलं, मग चोळीत हात घालून कागदाची लहानशी घडी काढली.

"हे व्हतं. मुकादम देतो. फडात पाटंला उठवत न्हाई, पाठ सरळ होत न्हाई, तवा गुळासंगं घ्यायची. घटकेत माणूस उभं ऱ्हातंय. आता सुटत बी न्हाई. एक दिस न्हाई घेतली तर अंगातला जीव जातो. आमी काय व्यसनी हाव का, जमादार? पर बसलं तर कोयता कोण चालवणार?"

"रुक्मिणीला कुणी दिली?"

"कडूनं. तिची गुडघं लई दुखायची, चुली घालायला बसवत न्हवतं. कडूनं आपल्यातली अर्धी दिली. अन् शपथ घातली, जमादाराला सांगू नको, माझा दीर मला टोळीतून काढंल."

भगवानरावांनी घडी उलगडली. आत चिमूटभर भुकटी होती. हळदीत पीठ मिसळावं तशी पिवळी.

त्यांनी तिथंच उभ्या उभ्या फोन लावला आणि ऐकलेलं सगळं सांगितलं. डॉक्टर गर्जेंनी मधे एकच प्रश्न विचारला: "आणि दवाखान्यात आल्यापासून ती बंद आहे?"

"बंदच आसणार."

"स्टिरॉइड असणार त्यात. त्यानंच अंगातली राखण मारली. आणि एकदम बंद झालं म्हणून आता बीपी पडतंय. शरीर स्वतःचं स्टिरॉइड बनवायचंच विसरलं आहे. मी इंजेक्शन देते, आत्ताच. तुम्ही पुडी घेऊन या. आणि ऐका, त्या बायांना सांगा, एकदम बंद करायची नाही. कोणीही नाही. मी माणूस पाठवते."

फोन बंद झाला. उताराकडून घोडीच्या खिंकाळण्याचा आवाज आला.

६

सत्तार दाव्याची गाठ सोडत होता. भोवती पन्नासएक माणसं उभी होती, आणि आमिनाबी किटली पोटाशी धरून बसली होती, जणू तेवढीच वाचवायची होती.

"सत्तार, थांब," भगवानराव म्हणाले. "आधी आसारामला दोन गोष्टी पुसायच्यात."

"आता कसलं पुसताय?" आसाराम ओरडला. "बायको मरायला लागली तरी तुमचं पोलीसपण जाईना!"

"कालच्या पुरचुंडीची गाठ बायांनी सोडली न्हवती. मी सोडली न्हवती. बद्रीनाथ, तू सोडली?"

"माझी आईची आण, मी हात बी लावला न्हाई," गर्दीतून बद्रीनाथ म्हणाला.

"मग आसाराम, आत पिवळी भुकटी हाय हे तुला काल कुणी सांगितलं?"

आसारामनं ओठांवरून जीभ फिरवली.

"अंदाजानं म्हनलो."

"इख पांढरं आसतं, हिरवं आसतं, काळं बी आसतं. तू पिवळंच म्हनलास. एक तर तू ती चोरून उघडली, न्हाई तर तूच ती बांधून दिली. मला वाटतं, दोन्ही." त्यांनी कागदाची घडी वर धरली. "ही आज तुझ्या टोळीतून आली."

आसारामनं विमलबाईकडं पाहिलं. विमलबाईनं पदर सरळ केला आणि नजर खाली केली नाही.

"व्हय, देतो!" तो शेवटी म्हणाला. "सिरसाळ्याच्या बाजारात मोटारसायकलवर एक जण येतो, त्याच्याकडनं घेतो. बायाच मागत्यात. मी काय जबरदस्ती केली? समदे मुकादम देत्यात. मला काय सपान पडलं व्हतं?"

"मग चोरली कावून?"

"पोलिसात गेली आसती तर माझं नाव आलं आसतं."

"अन् सत्तारवर कावून ढकललं?"

त्यावर आसारामनं जे सांगितलं ते बहुधा त्या दिवसातलं सगळ्यात खरं होतं.

"तो एकटा व्हता."

मागून कोणीतरी विचारलं, "मंजे घोड्याचं काय न्हाई ना, जमादार?"

इथं होय म्हणून मोकळं होता आलं असतं. सत्तार आशेनं पाहत होता. पण खोटं बोलून वाचवलेलं माणूस पुन्हा मारता येतं, हे भगवानरावांनी नोकरीत पाहिलं होतं.

"घोड्याचं हाय," ते म्हणाले. "जंतू लिदीतूनच आला. वाळल्या लिदीच्या धुळीतून." गर्दीत कुजबुज उठली, तसा त्यांनी आवाज चढवला. "ऐका! सत्तार अन् आमिनाबी रोज ह्याच धुळीत उठबस करत्यात. त्यांना काय झालं? काय न्हाई. कारण ते पुडी खात न्हाईत. आसारामच्या टोळीत चार-पाच जणी पुडी खात्यात. त्यांना खोकला हाय? न्हाई. कारण त्या ह्या कोपऱ्यात येत न्हाईत. पुडीनं अंगाचा पहारा उठवला अन् धुळीनं चोर आत घातला. दोन्ही ज्यांच्या वाट्याला आलं त्या दोघीच पडल्या. कडूबाई अन् रुक्मिणी. चहाचा काय संबंध न्हाई."

माणसांनी एकमेकांकडं पाहिलं. पुढचे दोघे-तिघे मागं सरकले. सत्तारनं सोडलेलं दावं पुन्हा खुंट्याला गुंडाळलं.

पण विमलबाई जागची हलली नव्हती. ती त्या लिदीच्या ढिगाकडं बघत होती.

"जमादार, एक सांगा. रुक्मिणीबाई जन्मभर लिदीच्याच चुली घालती. कडू बी दोन वर्सं पुडी खाती, अन् दोन्ही उन्हाळं तिच्या हाताखाली हाय. मागल्या साली काय झालं न्हाई. औंदाच कावून?"

भगवानराव त्या प्रश्नाला एस.टी.त बसल्यापासून ओळखत होते. तो कोणी विचारू नये असं त्यांना वाटत होतं.

"मागल्या सालापर्यंत लीद रातभर भिजत घालून पायानं तुडवायच्या," ते म्हणाले. "वली लीद उडत न्हाई. औंदा कोरडी कुटली, कोरडी चाळली. सगळी धूळ नाकात गेली."

"भिजवली कावून न्हाई?"

"पाणी न्हवतं," गर्दीतला एक जण म्हणाला.

"पाणी व्हतं," भगवानराव म्हणाले. "कडूबाई एक बादली मागायला आलती. भरून घेतली बी व्हती. मी तिच्या हातातनं काढून घेतली."

आमिनाबीनं मान वर केली. तिला ते माहीत होतं. ती तेव्हा हौदावरच होती.

७

रुक्मिणीबाई वाचली. वाचली म्हणायचं. इंजेक्शननं बीपी वर आलं, गुलाबी जंतूवरचं औषध कित्येक महिने चालणार होतं, आणि डाव्या फुप्फुसाचा खालचा भाग कायमचा गेला होता. चूल घालायला ती पुन्हा बसणार नव्हती. शुद्धीवर आल्यावर तिनं नवऱ्याला कडूबाईचं विचारलं. त्यांनी सांगितलं. बादलीचंही सांगितलं. ती खिडकीकडं तोंड करून म्हणाली, "तुमी पुडीचं इचारलं आसतं तरी मी सांगितलं नसतं. तुमाला कुणी काय सांगतच न्हाई, हे तुमाला कधी कळलंच न्हाई."

आसारामला पोलीस घेऊन गेले आणि काही दिवसांनी सोडलं. सिरसाळ्याचा मोटारसायकलवाला कोणाला सापडला नाही. टोळीतल्या बायांची पुडी डॉक्टर गर्जेंच्या सांगण्यावरून थोडी थोडी उतरवत आणली. तेव्हा त्यांच्या कमरा दुखायला लागल्या, आणि दोन वर्षांचं सगळं दुखणं एकदम अंगावर आलं. विमलबाई कण्हत म्हणायची, ही माझीच कंबर हाय, वळखू आली.

दुसरं शिंगरूही मेलं. जनावरांच्या डॉक्टरनं यायला उशीर केला.

औरंगाबादहून परतल्यावर एका सकाळी भगवानराव हौदावर आले. त्यांच्या वाटणीचं दिवसाचं पाणी त्यांनी बादलीत घेतलं. बादली उचलून ते उताराकडं चालले. उन्हानं माळ भाजत होता. पाणी हिंदकळून वाटेत सांडत होतं आणि जमीन ते पडण्याआधीच पीत होती.

लिदीच्या ढिगापाशी त्यांनी तोंडाला उपरणं बांधलं आणि बादली सावकाश ओतली. धूळ आधी उसळली, मग बसली. ढीग काळा पडला.

आमिनाबी किटली घासत होती. तिनं हात थांबवला.

"जमादारसाब, ह्याला पानी कावून? आता चुली कोन घालनार?"

"कुणी न्हाई," भगवानराव म्हणाले. "हे कडूबाईचं हाय. तिचं राहिलं व्हतं."

त्यांनी रिकामी बादली तिथंच पालथी ठेवली आणि तिच्या कडेला उभे राहिले. आमिनाबीनं चुलीत काटक्या सारल्या. ती चूल रुक्मिणीबाईनंच घातलेली होती. तिला तडा गेलेला नव्हता.